डोंगरावर पांघरलेला नकाशा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत, भूगोलाच्या टेबलावर, अलीकडे एक चित्र हमखास दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा, ज्याला सगळेच टोपोशीट म्हणतात, तो घ्यायचा, स्कॅन करायचा आणि संगणकातल्या उंचीच्या आकड्यांवर गोधडीसारखा पांघरायचा. सपाट कागद मग उठून उभा राहतो. तपकिरी समोच्च रेषा डोंगरांना विळखे घालतात, ओढे दऱ्यांत उतरतात, लाल ठिपक्यांच्या वाड्या उतारांवर जाऊन बसतात. माउसने चित्र फिरवले की आपण विमानातून पाहतो आहोत असे वाटते. क्यूजीआयएससारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते, उंचीची माहितीही फुकट मिळते. हौशी शिक्षकाला हे काम दोन संध्याकाळींत जमते. पाहणारे म्हणतात, "अगदी खरं वाटतं हो!"

आमची तक्रार या 'खरं वाटतं'बद्दल आहे. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या मैफलीचीही होते. नकाशाची कोणी करत नाही. नकाशा एक तर बरोबर असतो किंवा चूक, आणि सरकारी असला तर बरोबरच, अशी आपली समजूत असते. हा लेख म्हणजे या पांघरलेल्या नकाशांची समीक्षा आहे असे समजावे. ती थोडी कडक होईल, कारण ज्या चित्राने आम्हाला शहाणे केले ते दुसऱ्या कोणाचे नव्हते, आम्हीच काढलेले होते.

एका बांधणीत दोन लेखक

अशा चित्रात दोन वेगळ्या कृती एकत्र शिवलेल्या असतात. त्यांचे लेखक वेगळे, काळ वेगळा, आणि जमिनीकडे पाहण्याची रीतही वेगळी. आधी टोपोशीट पाहू.

सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. त्याच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या एका पत्रकात १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश एवढा प्रदेश येतो. आपल्या अक्षांशावर तो दक्षिणोत्तर साधारण पावणेअठ्ठावीस किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साडेसव्वीस किलोमीटर भरतो. ४७ एफ/१५ या क्रमांकाचे पत्रक घ्या. पुण्याच्या दक्षिणेचा मुलूख त्यात येतो, आणि सिंहगड त्याच्या अगदी पश्चिम कडेला लागून आहे. गडाचा परिसर नीट पाहायचा तर शेजारचे ४७ एफ/११ सुद्धा काढावे लागते. नकाशाच्या चौकटी आखणाऱ्याला गडाशी देणेघेणे नव्हते, त्याला पाव अंशाशी होते. पण त्या चौकटीच्या आतली प्रत्येक रेघ मात्र कोणाच्या तरी नजरेतून आणि हातातून आलेली आहे. जुनी सर्वेक्षणे करणारी माणसे फळी घेऊन डोंगर चढत, ठरलेल्या बिंदूंवरून दिशा घेत, उंच्या काढत, आणि मधली समोच्च रेषा समोरच्या डोंगराकडे पाहत हाताने ओढत. पुढे हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून रेषा निघू लागल्या, तरी कुठला कडा दाखवायचा, कुठला ओहोळ सोडायचा, हा निर्णय माणसाचाच राहिला.

म्हणून टोपोशीटला भाषा आहे. वर्षभर पाणी असलेला प्रवाह निळा, उन्हाळ्यात कोरडा पडणारा काळा. वस्ती लाल, शेती पिवळी, रान हिरवे. बंधाऱ्याशेजारी '३आर' लिहिलेले दिसले तर तो बंधारा पायथ्यापासून तीन मीटर उंच आहे असे समजायचे. समुद्रसपाटीशी त्याचा संबंध नाही. विहीर बांधीव की कच्ची, देऊळ कुठे, स्मशान कुठे, पायवाट कुठल्या खिंडीतून जाते, हे सगळे त्यात असते. गावांची नावे पुष्कळदा साहेबाच्या कानांनी ऐकलेली असतात आणि त्यांवरून स्थानिक मुले पोट धरून हसतात. तरीही नाव आहे हे महत्त्वाचे.

दुसरा लेखक अवकाशातला. ११ ते २२ फेब्रुवारी २००० या काळात 'एंडेव्हर' हे अवकाशयान पृथ्वीभोवती फिरत होते. त्याच्या पोटात एक रडार अँटेना आणि ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दुसरी. एकाच जागेवरून परतलेल्या लहरी दोन अँटेनांना किंचित वेगवेगळ्या अवस्थेत मिळतात. त्या फरकावरून जागेची उंची काढायची. आपले दोन डोळे अंतर ओळखतात, तसाच काहीसा हा प्रकार. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण यांमधली जवळपास सगळी जमीन अकरा दिवसांत मोजून झाली. आधी जगाच्या बहुतेक भागासाठी सुमारे ९० मीटर अंतरावरच्या बिंदूंची माहिती मिळत होती. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ३० मीटरची, म्हणजे दर एका सेकंदाच्या अंतरावरची, खुली झाली. पुढे इतर उपग्रहांची प्रारूपे आली, आणि २००५ साली सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-१च्या जोडचित्रांवरून केलेले प्रारूपही आले.

विद्यार्थ्यांना एक गणित जरूर घालावे. पत्रक १५ मिनिटांचे, म्हणजे ९०० सेकंदांचे. दर सेकंदाला एक उंची, तर एका पत्रकावर ९०० गुणिले ९००, म्हणजे ८,१०,००० उंच्या. ९० मीटरच्या माहितीत त्या फक्त ९०,०००. आकडे ऐकून छाती दडपते, पण या आठ लाख उंच्यांपैकी एकीलाही आपण ओढा आहोत की देऊळ हे ठाऊक नसते. प्रत्येक जण फक्त एवढेच सांगतो, 'माझ्या चौकटीत सरासरी इतके मीटर.' ती चौकटही सुमारे ३० मीटरची. तिच्यात शाळेची इमारत आणि पुढचे पटांगण दोन्ही मावते.

शिवाय रडार जे पाहते ते नेहमी जमीन असतेच असे नाही. दाट झाडीवर ते बरेचसे शेंड्यांजवळूनच परतते, शहरात छपरांवरून. उभ्या कड्याआड त्याची सावली पडते आणि तिथे माहितीत भोक राहते; ती भोके नंतर आजूबाजूच्या उंच्यांवरून किंवा दुसऱ्या माहितीवरून बुजवलेली असतात, आणि बुजवलेली जागा चित्रात ओळखू येत नाही. पाण्याचा पृष्ठभाग तर सरळ सपाट करून टाकलेला असतो. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याआधीचे पत्रक मिळाले आणि आजच्या उंचीवर पांघरले, तर भीमेचे जुने पात्र, काठची गावे, समोच्च रेषांची वळणे, सगळे आरशासारख्या सपाट पाण्यावर छापलेले दिसते. अजाण माणूस म्हणेल, सॉफ्टवेअर बिघडले. वास्तविक ते चित्र फार बोलके आहे. दोन्ही लेखक आपापल्या काळापुरते खरे आहेत. खोटी आहे ती त्यांना एका क्षणात बसवणारी शिवण.

आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा? तो आत वळलेला, वाटीसारखा कडा आहे. पण उंचीच्या प्रारूपात एका चौकटीला एकच उंची मिळते. वर एक आणि खाली पोकळी, असे त्याला सांगताच येत नाही. त्यामुळे कोकणकडा कितीही महागड्या संगणकावर आणला तरी तो एक तीव्र उतार होऊन बसतो. टोपोशीटवरच्या माणसाने तिथे कड्याची खूण तरी काढलेली असते.

गाठ कुठे मारायची

हे दोन कागद जुळवायचे कसे? स्कॅन केलेल्या चित्राला आपण कुठे आहोत हे माहीत नसते. म्हणून त्याच्यावरचे काही बिंदू दाखवून त्यांचे अक्षांश-रेखांश संगणकाला सांगावे लागतात. पत्रकाचे चार कोपरे आणि आतल्या पाच-पाच मिनिटांच्या रेषांचे छेद यासाठी उत्तम. रस्त्यांचे तिठे किंवा देवळे यांवर गाठी मारण्याचा मोह टाळावा. रस्ते सरकतात आणि देवळांचे जीर्णोद्धार होतात.

आता इथे एक गंमत आहे. संगणक प्रत्येक गाठीपाशी चूक किती राहिली हे सांगतो, आणि आमच्या पाहण्यात असे पुष्कळ जण आले आहेत जे 'चूक शून्य आली' असे अभिमानाने दाखवतात. साध्या रूपांतरात सहा अज्ञात संख्या असतात. तीन बिंदू दिले की सहा समीकरणे होतात, आणि सहा समीकरणांत सहा अज्ञात अचूक सुटतात. म्हणजे तीन बिंदूंवर चूक शून्य येणारच, मग तुम्ही त्यांतला एक बिंदू दोन किलोमीटर चुकीचा दिलेला का असेना! चूक दिसायला चौथा बिंदू लागतो. वर्गात समीकरणे शिकवताना 'जितके अज्ञात तितकी समीकरणे' हे आपण घोकून घेतो. त्याचा हा उपयोग मात्र कोणी सांगत नाही. काही जण याच्या उलट टोकाला जातात. ते कागद रबरासारखा ताणणारी रूपांतरे वापरतात. गाठींपाशी सगळे तंतोतंत बसते आणि दोन गाठींच्या मध्ये नदी पोहल्यासारखी हलते.

कागद स्वतःही आक्रसतो. पंचावन्न सेंटीमीटरच्या पत्रकात एक मिलिमीटर फरक पडला की जमिनीवर पन्नास मीटर गेले. पण ही चूक कोपरे नीट बांधले की बरीचशी निघून जाते. जी जात नाही ती दुसरीच आहे.

अक्षांश आणि रेखांश हे जमिनीवर कोरलेले नसतात. पृथ्वीचा आकार एखाद्या लंबगोलासारखा मानून, त्या मानलेल्या लंबगोलावर ते मोजलेले असतात. लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेल्या आणि एव्हरेस्ट यांनी पुढे नेलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून १८३० साली 'एव्हरेस्ट लंबगोल' निघाला. तो भारताच्या भूभागाला छान बसतो. मात्र त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आज जीपीएससाठी वापरतात त्या लंबगोलापेक्षा साडेआठशे मीटरच्या आसपास कमी आहे, आणि दोघांचे केंद्रबिंदूही सुमारे आठशे मीटर दूर आहेत. जुन्या मोजणीदारांनी चूक केली असा याचा अर्थ नाही. गावागावांमधली अंतरे त्यांनी नेटकी मोजली. फक्त सगळा नकाशा एका वेगळ्या खुंटीला टांगलेला आहे. परिणाम असा, की जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश जीपीएसचे समजून संगणकात घातले, तर पुण्याच्या आसपास सगळा मुलूख सुमारे शंभर मीटर दक्षिणेला आणि ऐंशी मीटर पूर्वेला सरकतो. पायथागोरसने जोडा, सव्वाशे मीटरच्या वर जाते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी निघालेली पत्रके नव्या लंबगोलावर आहेत. म्हणजे एकाच गावाचे दोन सरकारी नकाशांवर दोन पत्ते. सॉफ्टवेअरला पत्रक कुठल्या लंबगोलावरचे आहे हे सांगायची सोय असते. सांगितले की दुरुस्ती ते स्वतः करते. ती यादी लांबलचक आणि इंग्रजी आद्याक्षरांची असते, म्हणून बहुतेक जण पहिला पर्याय निवडून पुढे जातात. आम्हीही तेच केले होते.

वाडी कुठे होती

३० जुलै २०१४ ला माळीण गेले. दीडशेच्या आसपास माणसे एका सकाळी मातीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. त्या दुसऱ्या घटनेनंतर काही दिवसांनी सह्याद्रीच्या एका खोऱ्यातले शिक्षक आमच्याकडे आले. त्यांच्या शाळेतली वीस-बावीस मुले डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतली. पालक विचारत होते, आमची वाडी कशी आहे? शिक्षकांना धोक्याचा निवाडा नको होता. तो द्यायला भूवैज्ञानिक लागतो, आणि त्याने जागेवर जावे लागते. त्यांना फक्त एक मोठे चित्र हवे होते, ज्यात वाडी, डोंगर, घळी हे सगळे एकत्र दिसेल आणि ग्रामसभेत बोलता येईल.

आम्ही उत्साहाने बसलो. कपाटातले जुने पत्रक काढले, चार कोपरे बांधले, ३० मीटरची उंची खाली घातली. ओढा दरीतून जायच्या ऐवजी पूर्वेच्या टेकाडावर चढलेला दिसला. खोरे दक्षिणोत्तर होते. आम्ही पत्रक थोडे पश्चिमेला ढकलले, ओढा दरीच्या तळाशी अलगद बसला, आणि आम्ही सुस्कारा सोडला. मग समोच्च रेषांची गर्दी नको म्हणून पत्रक फिकट केले. डोंगर नीट उठावदार दिसावा म्हणून उंची तिप्पट केली. सुरेख चित्र झाले. त्यात वाडी दोन घळींच्या मधल्या सोंडेवर बसलेली दिसत होती. ग्रामसभेत ते लावले, लोकांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढून घेतले. 'आपण घळीच्या तोंडाशी नाही, बाजूला आहोत,' असे बोलणे झाले. आम्हीही मान डोलावली.

आठवड्याने शाळेत चित्र टांगल्यावर नववीतल्या एका मुलीने सरांना विचारले, "सर, घळीचं पाणी आमच्या मागच्या दारातून जातं. चित्रात घळ तिकडे का?"

ओढा उत्तर-दक्षिण वाहत होता, यात सगळे आले. दक्षिणोत्तर रेघ दक्षिणोत्तर दिशेने कितीही सरकवली तरी ती स्वतःवरच सरकते. चूक दिसत नाही. आम्हाला दिसली ती फक्त ऐंशी मीटरची आडवी चूक, तीच आम्ही हाताने काढली. उरलेले शंभर मीटर तसेच राहिले आणि वाडी चित्रात तेवढी दक्षिणेला गेली. ३० मीटरच्या तीन-साडेतीन चौकटी. एक घळ ओलांडायला तेवढे पुरे होते. पत्रक फिकट केले नसते तर पश्चिमेकडून येणाऱ्या ओहोळांच्या बारीक काळ्या रेघा सोंडांवर चढलेल्या दिसल्या असत्या, आणि आमची चूक आम्हाला तिथेच कळली असती. चित्राची शोभा वाढवताना आम्ही नेमका साक्षीदारच पुसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. विहीर, मारुतीचे देऊळ, शाळेचे फाटक आणि ओढ्यावरचा फरशीपूल या चार ठिकाणी मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेतले. चारही ठिकाणी चित्र दक्षिणेला, जवळपास सारखेच अंतर. मग घरी येऊन यादीतला एव्हरेस्टचा पर्याय निवडला, हाताने केलेली ढकलाढकल काढून टाकली, आणि ओढा, ओहोळ, देऊळ एकदम जागेवर गेले. वाडीही गेली. ती घळीच्या तोंडाशी होती.

तिप्पट डोंगर, उत्तरेचे ऊन

उंची तिप्पट करण्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. आडवे अंतर तेच ठेवून उंची तीनपट केली की उताराचे टॅन तीनपट होते. ३० अंशांचा टॅन ०.५७७, तिप्पट १.७३२, म्हणजे ६० अंश. चढता येणारा उतार कडा होतो. आमच्या ग्रामसभेत कोणी याचा उलट अर्थही लावला: 'चित्रात अमुक डोंगर किती उभा आहे, त्याच्यापुढे आपला काहीच नाही.' तिप्पट केल्यावर सौम्य आणि तीव्र उतारांतले अंतर अंशांत तेवढेच राहत नाही. १० अंश २८ होतात, ३० चे ६० होतात, आणि ६० चे ७९. उभ्या उतारांचा फरक आक्रसतो, सौम्य उतारांचा फुगतो. पटाच्या कोपऱ्यात 'उंची तिप्पट' हे तीन मिलिमीटरच्या अक्षरांत लिहून भागत नाही. सह्याद्रीला उठाव आणण्याची गरज नाही असे आमचे मत झाले आहे. तो मुळातच पुरेसा उभा आहे.

छायांकनाची गोष्ट निराळी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रकाश आपोआप वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, ४५ अंश उंचीने पडतो. उजेड वरून-डावीकडून आला की डोळ्याला डोंगर उंचवटे दिसतात. खालून आला तर दऱ्या वर आल्यासारख्या वाटतात. मुलांना नकाशा उलटा धरायला सांगा, लगेच पटेल. तेव्हा ही सोय डोळ्यासाठी आहे, यात वाईट काही नाही. पण आपल्या अक्षांशावर सूर्य ४५ अंश उंचीवर असताना वायव्येला कधीच नसतो, जूनमध्येही नाही. चित्रात जे उत्तर उतार उन्हात न्हालेले दिसतात ते हिवाळ्यात सावलीत असतात, आणि काळेकुट्ट दक्षिण उतार प्रत्यक्षात तापलेले. एका प्रदर्शनात आम्ही एका विद्यार्थ्याला 'गर्द भागात झाडी जास्त, कारण तिथे सावली' असे सांगताना ऐकले. त्याचा तर्क बरोबर होता, चित्राने त्याला फसवले.

आणखी एक किरकोळ गोष्ट, पण शिक्षक नेहमी विचारतात म्हणून. मोबाइलवरची काही ॲप्स जीपीएसची कच्ची उंची दाखवतात. ती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि आपल्या भागात ती टोपोशीटवरच्या उंचीपेक्षा साठ-पासष्ट मीटर कमी येते. त्यात ना मोबाइल बिघडलेला असतो, ना डोंगर झिजलेला.

मोठे करून पाहण्याचा आजारही आहे. ३०० ठिपके प्रतिइंच या घनतेने स्कॅन केलेल्या पत्रकावर एक ठिपका जमिनीवरच्या सव्वाचार मीटरचा. त्यामुळे घर न् घर मोजता येईल असे वाटते. पण मूळ कागदावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघच पंचवीस मीटर रुंद आहे. रेघेच्या आत शिरून ओढ्याचा काठ शोधण्यात काय अर्थ?

मग हे चित्र करूच नये का? असे आम्ही म्हणत नाही. समोच्च रेषा पहिल्यांदा शिकताना, रेषा जवळ आल्या की उतार तीव्र, हे ज्या मुलाला महिनाभर उमगत नाही त्याला फिरत्या चित्रात एका मिनिटात उमगते. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण आता आम्ही पांघरण्याआधी एक काम करून घेतो. उंचीच्या माहितीवरून सॉफ्टवेअरकडून २० मीटरच्या समोच्च रेषा काढून घ्यायच्या, त्याच १ : ५०,००० प्रमाणात ट्रेसिंग पेपरवर छापायच्या, आणि खिडकीच्या काचेवर टोपोशीट धरून त्यावर तो ट्रेसिंग ठेवायचा. दोन्ही रेषा कुठे जुळतात आणि कुठे फाटतात यावर मुलांनी पेन्सिलने खुणा करायच्या. सगळीकडे एकाच दिशेला सारखेच फाटले असेल तर लंबगोलाचा घोटाळा. फक्त रानावर फाटले असेल तर झाडांचे शेंडे. फक्त कड्यापाशी असेल तर रडारची सावली किंवा चौकटीचा मोठेपणा. एकाच ठिकाणी, पूर्वी नसलेला खड्डा किंवा सपाटी दिसली तर खाण, धरण किंवा मुरमाचा धंदा. तिथे सहल न्यावी. जमिनीवर न जाता चित्राबद्दल इतके प्रश्न दुसऱ्या कशाने निर्माण होत असतील असे आम्हाला वाटत नाही, आणि पांघरलेल्या चित्रात हे सगळे प्रश्न गोधडीखाली जातात.

अशा चित्राच्या कडेला काय लिहिलेले असावे याबद्दलही आमची अपेक्षा फार नाही. पत्रकाचा क्रमांक आणि सर्वेक्षणाचे साल. उंची कुठल्या मोहिमेची, कुठल्या वर्षाची, किती मीटरची. लंबगोल कोणता. उंची किती पट. आणि कुठल्या बिंदूंवर प्रत्यक्ष जाऊन तपासले. या शेवटच्या ओळीसमोर बहुतेक चित्रांत काहीच लिहिता येणार नाही. तसे असेल तर 'तपासलेले नाही' असे लिहावे. आमच्या पहिल्या चित्रावर यातले काहीही नव्हते. आमचे नाव मात्र ठळक होते.

नवे चित्र आम्ही स्वतः नेऊन दिले. पुन्हा ग्रामसभा झाली. मागच्या वेळच्या निम्मीही माणसे आली नव्हती, आणि जुन्या चित्राचे फोटो अजून कित्येकांच्या मोबाइलमध्ये होते; ते परत घेता येत नाहीत. सरपंचांनी नव्या चित्राची प्रत आणि एक अर्ज तालुक्याला पाठवला, भूवैज्ञानिकाने येऊन पाहावे म्हणून. शाळेने पावसाळ्यापुरते एवढे ठरवले की जोराचा पाऊस लागला की घळीकडच्या सात घरांतली माणसे रात्री शाळेच्या दोन खोल्यांत झोपायला येतील. खोल्यांच्या किल्ल्या त्या नववीतल्या मुलीच्या घरी असतात, कारण घळीचे पाणी सगळ्यात आधी त्यांच्याच मागच्या दारात येते.